पिसणी कुणावर?

मेंढीकोटाचा एखादा नियम चार माणसांना विचारावा आणि पाच उत्तरे मिळावीत, हा अनुभव आमच्या बीड जिल्ह्यात काही नवा नाही. पाचवे उत्तर खेळणाऱ्यांपैकी कुणाचे नसते. ते मागे उकिडवे बसून दुसऱ्याच्या हातातली पाने वाचणाऱ्याचे असते. आणि बहुधा तेच सर्वांत ठाम असते.

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर पत्त्यांचे जोड बाहेर निघतात. माजघरात बायकांचा एक डाव, ओसरीवर पोरांचा दुसरा, पारावर कर्त्या माणसांचा तिसरा. चिवड्याच्या तेलकट बोटांनी पाने चिकट होतात, राणीच्या गालाला शेवेचा कण लागतो, आणि तासाभरात कुठून ना कुठून तरी आरोळी उठते, "हे आमच्यात नाही चालत!" या 'आमच्यात' शब्दात सगळी मेख आहे. ब्रिज खेळणाऱ्यांचे बरे असते. त्यांचे नियम छापलेले असतात, गुणांचे तक्ते असतात, तंटा झाला तर पुस्तक उघडता येते. मेंढीकोट हा बिनपुस्तकाचा खेळ. तो आजोळी शिकावा लागतो. आणि ज्याचे आजोळ वेगळे त्याचा नियमही वेगळा. माझे घर धारूरकडचे, आजोळ केज तालुक्यातले. मधे बालाघाटाचे डोंगर. आमच्या घरी हुकूम झाकून ठेवीत, आजोळी तो कापून ठरे. विहीर बदलली की पाण्याची चव बदलावी तसे ते मला लहानपणी वाटे.

ज्यांच्या घरी हा खेळ नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. जाणत्यांनी तोवर एक करंजी खाऊन घ्यावी. खेळणारे चार. समोरासमोर बसतात ते एकमेकांचे भिडू. बावन्न पाने, प्रत्येकाला तेरा. वाटायची ती एकेक नव्हे तर पाच-चार-चार अशी, आणि उजव्या हाताने फिरत. एक्का सगळ्यांत वरचा, त्याखाली राजा, राणी, गुलाम, मग दश्शी आणि असे उतरत दुर्रीपर्यंत. ज्या रंगाची उतारी झाली तो रंग हातात असेल तर दिलाच पाहिजे. नसेल तर हुकूम मारावा किंवा एखादे रडके पान टाकून मोकळे व्हावे. इथपर्यंत हा खेळ हात करण्याच्या दुसऱ्या कोणत्याही खेळासारखाच आहे. फरक असा, की इथे हातांना मोल नाही. मोल आहे चार दश्श्यांना. दश्शी म्हणजेच मेंढी. ज्यांनी तीन मेंढ्या आपल्याकडे ओढल्या त्यांनी डाव जिंकला. चारही ओढल्या तर मेंढीकोट. दोन-दोन झाल्या तर मात्र हात मोजायचे. आणि हात तेरा, म्हणजे विषम, म्हणून कुणाचे तरी सात होतातच. बरोबरी या खेळाला ठाऊक नाही. तेराही हात एकाच बाजूने केले तर तो बावनपानी कोट. तो ज्याच्यावर बसला त्याने दोन दिवस पाराकडे फिरकू नये.

मला या खेळात सर्वांत आवडते ती दश्शीची अवस्था. सगळा डाव तिच्यासाठी, आणि तिच्या स्वतःच्या अंगात जीव नाही. तिच्या डोक्यावर प्रत्येक रंगात चार-चार बडे बसलेले. दश्शीची उतारी करून ती घरी येईल म्हणावे, तर एक्का, राजा, राणी, गुलाम हे चौघे आधी निघून जायला हवेत. तोवर तिला हातात लपवायचे, आणि भिडूचा एक्का पडला की हळूच त्यावर सोडून द्यायची. धनगर ओढा ओलांडताना कोकरू काखोटीला मारतो, तसा भिडूचा एक्का मेंढीला पलीकडे नेतो. भिडूकडे एक्का आहे की नाही हे मात्र कळायला मार्ग नाही. ते अंदाजाने जाणायचे. आणि अंदाज चुकला की मेंढी शेजारच्याच्या कळपात.

माझ्या आजीला अक्षर येत नव्हते. पण गेलेले पान ती विसरत नसे. डाव ऐन रंगात आला की मला मधेच विचारी, "किलवर किती राहिले?" तेरातून गेलेले वजा करायचे, त्यातून आपल्या हातातले वजा करायचे; उरले ते तिघांत. उत्तर चुकले तर ती काही बोलत नसे, फक्त पुढच्या हाताला माझी मेंढी उचलून नेई. वजाबाकी शिकवायची याहून चांगली रीत मला पुढे कोणत्याही शिक्षणवर्गात सापडली नाही. वर्गात पत्त्यांचे नाव काढता येत नाही म्हणून मी मुलांना तेरा शेळ्यांची गणिते घालतो; गणित तेच असते.

गणिताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक हिशेब सांगतो. तो मी एका पावसाळ्यात वहीच्या मागल्या पानावर मांडला होता. पाने नीट पिसली असतील, तर वाटून होताच चारही मेंढ्या एकाच बाजूच्या दोघांत असण्याचा प्रसंग शंभर डावांत साधारण ११ वेळा येतो. तीन इकडे आणि एक तिकडे, असे ५० वेळा. दोन-दोन ३९ वेळा. आणि ठरावीक एका माणसाच्या हातात चारही मेंढ्या येणे हे ३७९ डावांत एकदा. म्हणजे दर दिवाळीला चाळीस डाव खेळणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते साडेनऊ वर्षांतून एकदा येणार. आमच्याकडे एक म्हातारबा सांगत, की त्यांना एकाच रात्री दोनदा चारही मेंढ्या आल्या. अशक्य नाही. पण त्या रात्री पिसत कोण होते, हे विचारायला हवे.

आता हुकुमाकडे वळू, कारण निम्मी भांडणे तिथली. झाकल्या हुकुमात पिसणाऱ्याच्या उजव्या हाताचा गडी आपल्या हातातले एक पान पालथे घालतो; त्या पानाचा रंग हा हुकूम. कुणाला तरी उतारीचा रंग देता येत नाही, तेव्हा तो म्हणतो, "उघडा." मग पान उलटते, धन्याच्या हातात परत जाते आणि हुकुमाची सत्ता सुरू होते. कापीव हुकुमात असले काही नसते. खेळ बिनहुकमी सुरू होतो. पहिल्यांदा ज्याला रंग देता येत नाही, तो जे पान टाकील त्याचा रंग हुकूम. मला विचाराल तर झाकलेला हुकूम खानदानी. कापीव हुकुमात राज्य अपघाताने मिळते, झाकल्या हुकुमात ते आधी ठरलेले असून कुणाला ठाऊक नसते, आणि त्या न ठाऊक असण्यातच चार-पाच हात अंगावर काटा आणतात. आजोळची मंडळी हे वाचून रागावतील. रागावोत.

पण झाकल्या हुकुमात एक गाठ आहे, ती अजून कुणी नीट सोडवलेली मी पाहिली नाही. समजा मी बदामाची राणी झाकली आणि माझ्या हातात दुसरे बदाम नाही. कुणीतरी बदामाचीच उतारी केली. आता मी रंग द्यायचा की नाही? एक पक्ष म्हणतो, पालथे पान तुझेच आहे, ते उचल आणि दे. दुसरा म्हणतो, पालथे पान उघडेपर्यंत हातात नाहीच. म्हणून तुझ्याकडे रंग नाही. म्हणून तू हुकूम उघडायला सांगू शकतोस. आणि उघडल्यावर ते हातात आले, म्हणून आता ते दिलेच पाहिजे! दोन्ही वाटांनी राणीच पडते. फरक इतकाच, की पहिल्या वाटेने हुकूम झाकलेला राहिल्याचे सोंग करावे लागते आणि दुसऱ्या वाटेने तो जगजाहीर होतो. मी दुसऱ्या पक्षाचा. मुळात एकुलते एक पान झाकू नये, हे खरे. पण हात वाईट आला की माणूस काय वाटेल ते झाकतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न रंग असून न देण्याचा. दिव्याच्या उजेडात इस्पिक आणि किलवर यांची चूकभूल होते, चष्मा घरी राहिलेला असतो, हे सगळे मान्य. पण चौथ्या हाताला 'माझ्याकडे इस्पिक नाही' म्हणणाऱ्याच्या हातून नवव्या हाताला इस्पिकचा गुलाम पडला तर काय करायचे? काही ठिकाणी तो सबंध डाव हरल्यात जमा. काही ठिकाणी समोरच्यांना एक मेंढी बहाल. आमच्या पारावर आणखी कडक शिक्षा आहे; त्याला पुढचा सबंध डाव मागे उकिडवे बसावे लागते, तेही तोंड मिटून. पुरुषांना ही शिक्षा फार जड जाते.

मागचा हात उलटून पाहता येतो का? पुढचे पान पडेपर्यंत येतो, नंतर नाही. वाटताना पान उघडे पडले तर? मेंढी असेल तर पुन्हा वाटायचे, यावर एकमत आहे. इतर पानांचे ज्याचे त्याचे. चारही मेंढ्या एकाच्या हातात आल्या तर डाव मोडायचा का? मोडणारी घरे आहेत. मला ती भित्री वाटतात. भिडूला खुणा कराव्यात का? करू नयेत, असे सगळे म्हणतात. बदामाला छातीवर हात, किलवरला मिशीवर बोट, इस्पिकला खोकला, हा कोश मात्र गेवराईपासून परळीपर्यंत एकच आहे. म्हणजे जिथे नियम आहे तिथे दर गावी फरक, आणि जिथे लबाडी आहे तिथे सबंध जिल्ह्यात एकवाक्यता!

हे सगळे पाने वाटण्याआधी ठरवून घ्यावे, असे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणी ऐकत नाही. नियम आधी ठरवण्याची हौस मोठी पाहायची तर सावंतवाडीच्या गंजिफाची पाहावी. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, मिळून १२० गोल पाने. तिथे पहिली उतारी कुणाची, हे आकाशाकडे पाहून ठरते; दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. दिवेलागणीला बसणाऱ्यांनी काय करायचे, हा प्रश्न तिथल्या पारांवरही रंगला असेल. आपली बावन्न पाने विलायती, गंजिफा त्याहून जुना. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या एका मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. लढाईच्या धामधुमीत तो माणूस पत्ते पाठवायला विसरला नाही, हे वाचल्यापासून बाबराविषयी माझे मत थोडे मवाळ झाले आहे.

आणि पैसे? हा प्रश्न पोलीस पाटलांपासून सासूबाईंपर्यंत सगळे विचारतात. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीविषयी निकाल दिला, तेव्हा म्हटले, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. तीन पानी खेळासारखा तो केवळ नशिबाचा नाही. मेंढीकोट न्यायालयापर्यंत कधी गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. जायचे कारणही नाही. मेंढीकोटात पैसे लावलेले मी पाहिले नाहीत. कारण लावायला आकडाच नाही. हरलो म्हणजे किती हरलो, हे सांगता येत नाही.

इथे या खेळाचे खरे वेगळेपण आहे. इंग्रजांचा क्रिबेज नावाचा एक खेळ आहे. सतराव्या शतकात जॉन सकलिंग नावाच्या कवीने तो रचला असे मानतात. तो सगळा हिशेबाचा खेळ. पानांची बेरीज पंधरा झाली की दोन गुण, जोडी झाली की दोन, ओळीची तीन पाने आली की तीन. गुण तोंडी ठेवायचे नाहीत. भोके पाडलेली एक लाकडी पट्टी असते, तीत खुंट्या पुढे सरकवीत जायचे, आणि १२१ वे भोक जो आधी गाठील तो जिंकला. एका हाताला मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण २९. आणि गंमत म्हणजे १९ गुणांचा हात होऊच शकत नाही, म्हणून ज्याच्या हातात काहीच नसते तो थट्टेने 'एकोणीस' म्हणतो. त्यात काही मंडळी आणखी एक नियम पाळतात: आपले गुण मोजताना आपण दोन विसरलो, तर समोरचा ते विसरलेले दोन स्वतःच्या खुंटीला जोडून घेतो. मला हा नियम वाचून मुकादमाच्या वहीची आठवण झाली.

आपल्या पाच-तीन-दोनमध्येही हिशेब आहे, पण तो घरगुती. तीस पाने, तिघे खेळणारे. एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, पिसणाऱ्याने दोन. कमी पडले तर ते पुढच्या डावात भरून द्यायचे, म्हणजे ज्याचे जास्त झाले तो आपल्या हातातली पाने न बघता ओढतो आणि आपले नकोसे गळ्यात मारतो. उसनवारी एका डावाची, फिटली की संपली. मेंढीकोटात तेवढेही नाही. तिथे डाव संपला की मेंढ्या पुन्हा बावन्न पानांत मिसळतात आणि कोण किती जिंकले याची खूण कुठे उरत नाही. उरते ती एकच गोष्ट. पुढचा डाव कुणी पिसायचा?

आमच्याकडे हिला पिसणी म्हणतात. नियम असा: पिसणाऱ्याची बाजू हरली तर पुन्हा त्यानेच पिसायचे; जिंकली तर पिसणी उजव्या हाताच्या गड्याकडे जाते. आणि पिसणाऱ्याच्या बाजूवर बावनपानी कोट बसला, तर पिसणी त्याच्या भिडूकडे. त्यामुळे एखादा गडी सबंध रात्र पिसत बसतो. बाकीचे तिघे पाने लावतात, विड्या ओढतात, याच्या पानांचा फणा पसरतो ना पसरतो तोच डाव गेलेला असतो आणि जोड पुन्हा याच्याच पुढ्यात. पिसणी ही मेंढीकोटातली एकमेव जमाखर्चाची नोंद. आणि तीही अशी, की तीत फक्त देणे लिहितात. ती फेडायची वाट एकच, डाव जिंकणे.

एरवी ही रात्रीची गोष्ट रात्रीच संपावी. पण आमच्या डोंगरपट्ट्यात दिवाळी हा सणाइतकाच निघण्याचा दिवस. उसाचे गाळप सुरू व्हायचे असते. काही टोळ्या दसरा होताच जातात, काही पाडवा उरकून; कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. जाणाऱ्यांची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, घरात खर्च झालेली असते, आणि चार-पाच महिने ऊस तोडून ती फेडायची असते. हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या वहीत चढते. पहाटे ट्रॅक्टरचा आवाज येतो आणि पारावरचा डाव जिथे असेल तिथे मोडतो.

आमच्या वस्तीवर दोन चुलत घरांचा डाव असा वर्षानुवर्षे मोडत आला होता. एका बाजूला दोघे सख्खे भाऊ, दुसऱ्या बाजूला त्यांचे दोघे चुलते. मोडताना पिसणी ज्याच्यावर असे, त्याने पत्त्यांच्या जोडातला जोकर घेऊन जायचे, असे त्यांनी ठरवले होते. मेंढीकोटात जोकराला काही काम नसते. त्याला हे काम लागले. ज्याच्याकडे जोकर त्याने पुढल्या दिवाळीला तो आणून ठेवायचा आणि पहिली वाटणी करायची. एक वर्ष जोकर कागलकडे उसाच्या फडात जाऊन आला, एक वर्ष कृष्णाकाठी. त्याच्या टोपीला उसाच्या चिकाचा डाग पडला होता तो मी स्वतः पाहिला आहे.

काही वर्षांमागे थोरला भाऊ जोकर घेऊन गेला आणि हंगामाच्या मध्यावर उसाची ट्रॉली उलटून गेला. बातमी आली, माणसे गेली, दिवस झाले. त्याची बायको उरलेला हंगाम तोडून चैत्रात परत आली. पोरगा आठवीत होता.

पुढल्या दिवाळीला पार सुना राहील असे वाटले होते. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री धाकटा भाऊ आला, चुलते आले, जोड आला. तिघेच. आणि प्रश्न उभा राहिला, दुःखाचा म्हणून नव्हे, दुःख होऊन गेले होते, नियमाचा. पिसणी कुणावर? थोरले चुलते म्हणाले, माणसाबरोबर पिसणी गेली. नवा डाव, पान कापून ठरवा. धाकटे चुलते म्हणाले, पोरगा आहे की. बापाचे देणे पोरावर. मागे उकिडवे बसलेल्यांपैकी एकाने सांगितले, की असल्या वर्षी डावच मांडू नये. मग सगळे माझ्याकडे वळले. "गुर्जी, तुम्ही सांगा."

मी नियमाने सांगितले. पिसणी एका माणसाची नसते, बाजूची असते. म्हणून तर बावनपानी कोट बसला की ती भिडूकडे जाते. भिडू जिवंत आहे, समोर बसला आहे. पिसणी त्याची. धाकट्यानेही मान हलवली आणि जोडाकडे हात नेला. नियम म्हणून माझे म्हणणे आजही मला बरोबर वाटते.

तेवढ्यात ती आली. आमच्याकडे बायका पारावर चढत नाहीत; ती चढली नाही, पायरीशी उभी राहिली. तिच्या हातात जोकर होता. नवऱ्याच्या पेटीत, कोयत्याच्या फडक्यात गुंडाळलेला तिला तो सापडला होता. तिने तो पारावर ठेवला. थोरल्या चुलत्यांनी तिला समजावले, "पोरी, ते देणं काही खरं नसतंय. खेळ हाय."

ती म्हणाली, "मामंजी, उचल त्यांनीच घेतलेली व्हती. ती म्या फेडायलेय. मंग पिसणी कामून नाही?"

कुणाला काही सुचले नाही. मागे उकिडवे बसलेल्यांनाही नाही, आणि हे मी प्रथमच पाहिले. धाकटा भाऊ सरकला. जावेने घरातून एक पोते आणून पायरीवरच टाकले. पार पुरुषांचा, पायरी कुणाची हे कधी ठरले नव्हते. चुलते कुरकुरत खाली उतरून बसले. मेंढीकोट तिला येत होता. माजघरातल्या डावात ती पोरींना रडवीत असे, हे बायकांनाच ठाऊक होते. तिने जोड हातात घेतला, उसाच्या पात्यांनी चिरलेल्या बोटांनी पिसला, चुलत्यांकडून कापून घेतला आणि उजव्या हाताने वाटायला घेतला. पाच. चार. शेवटच्या चारात एक पान उलटे पडले. बदामाची नव्वी.

झाले! मेंढी असती तर प्रश्नच नव्हता. नव्वीचे काय? थोरले चुलते म्हणाले, पुन्हा वाटा. धाकटे म्हणाले, नव्वीला काय धाड भरली आहे, चालू द्या. मागच्यांचीही वाचा परत आली. एकाने केजचा दाखला दिला, एकाने पाटोद्याचा. ती उरलेली पाने हातात धरून शांतपणे बसली होती. पाचेक मिनिटांनी ठरले, की नव्वी चालेल. तिने वाटणी पुरी केली आणि थोरल्या चुलत्यांनी हुकूम झाकला.

हुकूम निघाला चौकटीचा. मेंढ्या दोन-दोन झाल्या, हात मोजले. चुलत्यांचे सात, यांचे सहा. पिसणी तिच्यावरच राहिली. आणखी तीन डाव झाले, त्यांतला एकही त्यांनी जिंकला नाही. पाडव्याच्या दुसऱ्या पहाटे टोळी निघाली. दिराच्या कोयत्याबरोबर ती अर्धा कोयता म्हणून चढली, पोरगा आजीजवळ राहिला. ट्रॅक्टर वळणावर असताना धाकटे चुलते मागून धावत गेले आणि विसरलेला जोकर त्यांनी तिच्या हातात दिला.